गिअर पडेना, होडी चालेना!

दिवाळीची सुट्टी लागली, की मुंबई-पुण्याच्या पुष्कळ मंडळींचे पाय आपोआप कोकणाकडे वळतात. मुलांना समुद्र हवा असतो, वडील मंडळींना देवदर्शन हवे असते, आणि ताज्या मासळीच्या बाबतीत तर घरात मतभेदच नसतो. मालवणला गेलेल्या माणसाला सिंधुदुर्ग किल्ल्यात पाऊल टाकायचे, तर होडीत बसल्यावाचून गत्यंतर नाही. तारकर्ली-देवबागच्या बाजूला कर्ली नदीच्या खाडीत फेरफटका मारायचा, तरी होडीच हवी. त्या लहान होड्यांपैकी अनेकींच्या पाठीशी एक यंत्र टांगलेले असते. कुणी त्याला मशीन म्हणतो, कुणी इंजिन. शहाणी माणसे आऊटबोर्ड मोटर म्हणतात. नावाड्याने दोरी ओढली, यंत्र घुर्रऽ करून सुरू झाले, दांडा पुढे ढकलला, की होडी पाणी कापीत निघते. हे इतके बिनबोभाट घडते, की त्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटतच नाही.

परंतु एखादे दिवशी काय होते, की यंत्र सुरू होते, चांगले गर्जते, धूरही सोडते, आणि होडी मात्र जागची हलत नाही! दांडा पुढे टाका, मागे टाका, गर्जना तेवढी वाढते. धक्क्याला बांधलेल्या होडीचे असे झाले, तर चार माणसे हसतात आणि गोष्ट तिथेच संपते. पण हेच खाडीच्या मुखाशी, ओहोटी लागलेली असताना झाले तर? ओहोटीचे पाणी समुद्राकडे धावत असते आणि मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असतात. तिथे बंद पडलेली होडी आणि गिअर न पडणारी होडी यांत फरक एवढाच, की दुसरीत आवाज जास्त होतो.

म्हणून या लेखात या दुखण्याचे निदान कसे करतात, ते पाहू. वाचकांपैकी फार थोड्यांच्या मालकीची होडी असेल, हे आम्ही जाणून आहोत. पण होडीत बसणारे पुष्कळ आहेत. शिवाय, आवाज ऐकून, हात लावून, एकेक शक्यता बाद करीत दोषापर्यंत पोचण्याची ही रीत घरच्या शिलाई यंत्रापासून मोटारगाडीपर्यंत कुठेही उपयोगी पडण्यासारखी आहे.

वितळलेले आइस्क्रीम

हे यंत्र लोकप्रिय करण्याचा मान ओले एव्हिनरूड या गृहस्थाकडे जातो. त्याचा जन्म १८७७ साली नॉर्वेत झाला. तो पाच वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात जाऊन स्थायिक झाले. पुढे तो यंत्रे घडविण्यात निष्णात झाला. त्याच्याविषयी एक गोड कथा सांगतात. उन्हाळ्याच्या दिवसांत तो आपल्या बेस नावाच्या मैत्रिणीसह तळ्याकाठी सहलीला गेला होता. तिला आइस्क्रीम खावेसे वाटले. ओले बिचारा होडी वल्हवीत पलीकडच्या काठाला गेला, आइस्क्रीम घेतले, आणि वल्हवीत परत येईपर्यंत उन्हाने त्याचे दूध होऊन गेले! होडीला पाठीमागून लावता येईल असे इंजिन का असू नये, हा विचार तिथे त्याच्या डोक्यात शिरला, असे म्हणतात.

कथा कितपत खरी, ते त्या तळ्यालाच ठाऊक. पण १९०९ साली त्याची यंत्रे विक्रीस आली, हा इतिहास आहे. बेसशी त्याचे लग्न झाले आणि धंद्याची कागदपत्रे व जाहिराती ती पाहू लागली. वल्ही फेकून द्या, असे लोकांना सांगणारी तिची जाहिरात फारच गाजली. असले यंत्र बनविणारा एव्हिनरूड हा पहिलाच नव्हे. त्याच्या आधी अमेरिकेतच कॅमेरॉन वॉटरमन याने तसे यंत्र विकायला काढले होते. पण घराघरांत नाव पोचले ते एव्हिनरूडचे. त्या नावाच्या यंत्रांचे उत्पादन २०२० साली थांबले.

सुरुवातीच्या या यंत्रांना गिअर नव्हताच. इंजिन सुरू झाले, की पंखा फिरू लागे आणि होडी निघे. थांबायचे तर इंजिन बंद करायचे. मागे यायचे असेल, तर काही यंत्रे आख्खीच्या आख्खी उलटी फिरवावी लागत. धक्क्याला लागताना नावाड्याची काय त्रेधा उडत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. १९४९ साली जॉन्सन कंपनीने दहा अश्वशक्तीचे एक यंत्र काढले. त्यात पुढे, मध्ये आणि मागे अशा गिअरच्या तीन जागा होत्या. तेव्हापासून ही सोय सर्वत्र रुळली. सोय आली, की तिच्याबरोबर तिचे दुखणेही येते. आपले दुखणे ते हेच.

पाण्याखालची फुगडी

दोष शोधण्याआधी आतली रचना समजली पाहिजे. ती मुळीच अवघड नाही. इंजिन वर, पाण्याबाहेर. त्याच्यापासून एक उभा दांडा खाली पाण्यात गेलेल्या पायापर्यंत उतरतो. या दांड्याच्या टोकाला एक लहानसे दातेरी चाक असते. ते दोन मोठ्या दातेरी चाकांना एकाच वेळी फिरवते. ही दोन चाके समोरासमोर तोंड करून बसलेली असतात, म्हणून एक उजवीकडे फिरते, तर दुसरे डावीकडे. इंजिन चालू आहे तोवर दोन्ही सतत फिरत असतात, मग होडी चालो वा न चालो.

या दोघांच्या मधून पंख्याचा आडवा दांडा जातो. पण तो या चाकांना जोडलेला नसतो. त्या दांड्यावर, दोन चाकांच्या मध्ये, एक जाड दात्यांची कडी असते. मेकॅनिक तिला डॉग म्हणतात. ही कडी दांड्याबरोबरच फिरते, परंतु पुढे-मागे सरकू शकते. नावाड्याने दांडा पुढे केला, की ती पुढच्या चाकाच्या दात्यांत जाऊन अडकते आणि पंखा त्या चाकाबरोबर फिरू लागतो. मागे केला, की मागच्या चाकाला धरते. मध्ये ठेवला, की कुणालाच धरत नाही. अंगणात दोन मुली विरुद्ध दिशांनी गिरक्या घेत आहेत आणि मधे उभी असलेली तिसरी कधी हिचा, तर कधी तिचा हात पकडते, असे समजा. ज्या मुलीचा हात पकडला, तिच्याच दिशेने तिची फुगडी!

मोटारगाडीत गिअर बदलताना क्लच दाबून इंजिनाचा जोर क्षणभर तोडता येतो. इथे ती सोय नाही. दाते दात्यांत एकदम जाऊन बसतात. म्हणून नियम असा, की इंजिन मंद चालत असतानाच गिअर टाकावा आणि तो चटकन, न कचरता टाकावा. बिचकत बिचकत, हळूहळू दांडा सरकवणाऱ्याचे दाते एकमेकांवर खरडत राहतात आणि त्यांच्या कडा गोल होतात. नाजूकपणाने यंत्र बिघडते, असे हे विरळा उदाहरण आहे.

आधी नांगर, मग निदान

होडी पाण्यात असताना हा प्रसंग आला, तर पहिले काम यंत्राकडे पाहण्याचे नव्हे. आधी नांगर टाकावा. वाहत्या होडीत बसून केलेली दुरुस्ती म्हणजे पळत्या गाडीत बसून केलेली दाढी होय. नांगर धरला, की मग इंजिन बंद करावे, आणि पंख्याला हात लावण्यापूर्वी नावाड्याच्या मनगटाला किंवा अंगावरच्या जाकिटाला बांधलेल्या दोरीची चकती यंत्रातून काढून घ्यावी. प्लगच्या तारा काढणे शक्य असेल, तर त्याही काढाव्यात. गिअरात असलेला पंखा हाताने फिरवला, तर वरचे इंजिन फिरते. आणि गरम इंजिन तेवढ्यावर एखादा ठिणगीचा हिसका देऊ शकते. बोटे एकदाच मिळतात.

यानंतर दोनच प्रश्न विचारायचे. दांड्याला हात लावला असता तो कसा लागतो? आणि गिअरात टाकल्यावर पंखा हाताला कसा लागतो? निम्मे निदान या दोन उत्तरांत आहे.

दांडा घट्ट असून जागचा हलत नाही, असे समजा. इंजिन बंद असताना असे होणे हा नेहमीच दोष नसतो. कडीचे दाते आणि चाकाचे दाते नेमके तोंडाला तोंड लावून उभे राहिले, तर कडी आत शिरणार कशी? म्हणून एकाने पंखा किंचित फिरवावा आणि दुसऱ्याने त्याच वेळी दांडा ढकलावा. खट् आवाज होऊन गिअर पडला, तर यंत्रावर उगीच आळ घेऊ नये. इथे जोर करणारा माणूस चांगली केबल वाकवून ठेवतो.

तरीही दांडा घट्टच राहिला, तर केबल इंजिनाच्या बाजूने सोडवावी. सोडवल्यावरही दांडा घट्टच असेल, तर दोष केबलमध्ये किंवा दांड्याच्या पेटीत आहे. खाऱ्या हवेने केबलचा आतला तार गंजतो आणि आवरणाला चिकटून बसतो; पावसाळाभर न हलवलेल्या यंत्रात तर हे हटकून घडते. उलट, केबल सोडवताच दांडा हलका झाला, तर दोष पुढे, यंत्राच्या पायाकडे आहे. एका पान्याच्या कामाने अर्धे यंत्र संशयातून मुक्त होते!

आता दुसरा प्रकार. दांडा अगदी सैल, लोण्यातून सुरी जावी तसा फिरतो. अडत नाही, खट् वाजत नाही. याचा अर्थ असा, की दांड्यापासून कडीपर्यंतची साखळी कुठेतरी तुटली आहे. एखादी लहानशी खीळ गळून पडलेली असते किंवा केबलचे टोक निसटलेले असते. इथे एक प्रश्न अवश्य विचारावा: इतक्यात यंत्राचा पाय खोलला होता काय? इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपात एक रबरी चक्री असते. ती बदलण्यासाठी अनेक यंत्रांचा पाय खाली उतरवावा लागतो, आणि त्यासाठी गिअरची उभी सळईही सोडवावी लागते. परत बसवताना ती सळई नीट जोडली गेली नाही, किंवा वरचा दांडा एका गिअरात आणि पाय दुसऱ्या गिअरात असताना जोडली गेली, तर पंप उत्तम चालतो आणि गिअर मात्र पडत नाही. दुरुस्तीनंतर लगेच उद्भवलेले दुखणे बहुधा दुरुस्तीतच शोधावे.

पंखा काय सांगतो?

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. दांडा नेहमीसारखा लागतो, खट् असा आवाज होतो, इंजिन जोरात फिरते. होडी मात्र ढिम्म. लोक म्हणतात, 'गिअर गेला.' वास्तविक गिअर अनेकदा बिनचूक पडलेला असतो. सुटलेला असतो तो पंखा.

इंजिन बंद करून, गिअर टाकून, पंखा हाताने फिरवून पाहावा. निरोगी यंत्रात तो अडतो किंवा वरच्या इंजिनाला जडपणे आपल्याबरोबर फिरवतो. काही यंत्रांत पुढच्या गिअरात पंखा एका दिशेने कट्-कट् करीत फिरतो आणि दुसऱ्या दिशेने अडतो. तिथे दाते मुद्दाम उतरते घडवलेले असतात, तो दोष नव्हे. पण गिअरात असूनही पंखा दोन्ही दिशांनी भिंगरीसारखा फिरला आणि यंत्र लहान असले, तर आधी शिअर पिन पाहावी. पंखा आणि दांडा यांना जोडणारी ही मऊ धातूची लहानशी पिन. पंखा खडकावर आपटला, तर गिअरची महागडी चाके फुटू नयेत म्हणून आधी ही तुटते. घरातल्या विजेच्या फ्यूजचे जे काम, तेच हिचे. पंख्याचे टोपण काढून नवी पिन घालणे हे थोड्या वेळाचे काम आहे. तिच्या जागी लोखंडी खिळा ठोकणारे महाभाग आढळतात. फ्यूजच्या जागी जाड तार बसवणाऱ्यांचे ते सख्खे भाऊ. पुढच्या खडकाला खिळा शाबूत राहतो आणि गिअरबॉक्सचा चुरा होतो.

मोठ्या यंत्रांत पुष्कळदा पिनच्या ऐवजी पंख्याच्या पोटात रबराचा जाड बुश असतो. तो जुना होऊन आतल्या आत घसरू लागला, की हाताच्या जोराने पंखा अडलेलाच वाटतो. पण इंजिनाचा जोर लागताच रबर सरकते. होडी सावकाश चालते, वेग वाढवला की इंजिन नुसते किंचाळते. याची परीक्षा फार सोपी आहे. पंख्याच्या मधल्या पितळी नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत खिळ्याने एक सरळ रेघ ओढावी आणि होडी थोडी चालवून आणावी. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर गुन्हेगार सापडला. गिअरबॉक्स खोलण्याचे कारणच उरले नाही.

आणखी एक साक्षीदार आहे. इंजिन चालू असताना त्याच्या मागच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार उडत असते. थंडाव्याचे पाणी फिरते आहे, याची ती खूण. पाण्याचा पंप त्याच उभ्या दांड्यावर फिरतो. तेव्हा धार चालू असेल, तर दांडा निदान पंपापर्यंत तरी फिरतो आहे. धारही नाही आणि चालही नाही, असे असेल, तर तो उभा दांडाच वरच्या जोडावर सुटला असावा, असा संशय घ्यावा; मात्र धारेचे भोक कचऱ्याने बुजलेले नाही ना, एवढे आधी पाहावे. धार नसताना इंजिन चालू ठेवू नये.

चौथा प्रकार: गिअर पडतो, होडी निघते, आणि जोर दिला, की खडाक् करून गिअर सुटतो. कडीच्या आणि चाकाच्या दात्यांच्या कडा झिजून गोल झाल्या, की त्यांची पकड सुटते. पण लगेच चाके बदलण्याचा खर्च करू नये. केबल सैल पडली असेल, तर कडी अर्धवटच आत जाते आणि अशीच सुटते. म्हणून आधी केबलची लांबी तपासावी, मग दात्यांवर यावे. फुकटची तपासणी आधी, खर्चाची नंतर, हा नियम वैद्यकात आणि यंत्रविद्येत सारखाच लागू आहे.

तेलाची कुंडली

पायातल्या चाकांची प्रकृती न खोलता जाणायची असेल, तर तेल पाहावे. पायाला दोन स्क्रू असतात, एक खाली, एक वर. खालचा काढून थोडे तेल काचेच्या भांड्यात घ्यावे. तेल स्वच्छ असेल, तर उत्तम. ते दुधाळ चहासारखे दिसले, तर आत पाणी शिरले आहे. स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक असेल, तर त्यावर थोडा काजळासारखा लेप दिसणे स्वाभाविक आहे. पण धातूचे तुकडे दिसले, की दाते फुटू लागले, असे समजावे आणि यंत्र आणखी न चालवता जाणत्याकडे न्यावे.

पाणी आत शिरते कसे? मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्याचा तुकडा पाण्यात तरंगत असतो. तो पंख्यामागे गुंडाळला जातो आणि फिरता फिरता ऑइल सील कापतो. सील कापले, की खारे पाणी आत येते, तेल निकामी होते, बेअरिंग गंजते आणि चाके झिजतात. वीतभर दोऱ्याने केवढा उत्पात होतो पाहा! म्हणून पंखा अधूनमधून काढून मागे दोरा अडकला आहे का, हे पाहणारा नावाडी खरा शहाणा. नवे तेल घालतानाही एक युक्ती आहे. ते वरून ओतायचे नसते. खालच्या भोकातून दाबून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरायचे. असे केले, म्हणजे हवा वर निघून जाते आणि पोकळी राहत नाही. मग आधी वरचा स्क्रू लावावा आणि नंतर खालचा. साधारणतः वर्षातून एकदा किंवा शंभर तासांनी तेल बदलावे, असे बहुतेक यंत्रांच्या पुस्तिका सांगतात.

शेवटी एक इशारा. किनाऱ्यावर ओढलेल्या होडीचे यंत्र 'गिअर पडतो का पाहू' म्हणून पाण्यावाचून सुरू करू नये. पंपातली रबरी चक्री पाण्यावाचून पाहता पाहता जळते, आणि एका दुखण्याची दोन दुखणी होतात. यंत्राचा पाय पाण्याच्या पिंपात बुडवावा किंवा नळाचे पाणी जोडावे. आणि गिअर टाकताना मुलांना, तसेच पदर-ओढणी सांभाळणाऱ्यांना, पंख्यापासून दूर ठेवावे.

होडीत बसण्यापूर्वी

एवढे वाचून होडीत बसल्यावर नावाड्याला यंत्रविद्या शिकवू नये. समुद्र त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतो. त्याच्या कमाईचे महिने मोजके, आणि चुकीच्या निदानाने उगाच खोललेला गिअरबॉक्स त्याचा अख्खा हंगाम खाऊन टाकतो. आपण फक्त चार गोष्टी पाहाव्यात. अंगात घालायची जाकिटे सर्वांना पुरतील इतकी आहेत ना? नांगर आणि त्याचा दोर आहे ना? निघण्यापूर्वी, दोर सोडायच्या आधी, नावाडी एकदा पुढचा आणि एकदा मागचा गिअर टाकून पाहतो ना? मागच्या गिअराची ही सवय लावून घेण्याजोगी आहे, कारण होडीला ब्रेक नसतो. धक्क्याजवळ तिला थांबवतो तो मागचा गिअरच.

आणि चौथी गोष्ट म्हणजे वल्ही. बेस एव्हिनरूडबाईंनी ती फेकून द्यायला सांगितली होती खरी, आणि त्यांच्या नवऱ्याचे यंत्रही नामी होते. पण त्या तळ्याला ओहोटी नव्हती. आपल्या खाड्यांना आहे. तेव्हा यंत्र कितीही नवे असो, होडीच्या तळाशी वल्ह्यांची एक जोडी पडलेली दिसली, म्हणजे खुशाल मुलांना घेऊन बसावे.